पाजताना तोंड भाजतं

मी गावची आशा. बाळ जन्मल्यापासून चौदाव्या दिवसाची गृहभेट होती. डिसेंबर महिना. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी, दार लावलेलं, बाळाला टोपरं, दुपटं आणि वर गोधडी. सासूबाई नुकत्याच भाकऱ्या थापून उठल्या होत्या. त्यांनी बाळाच्या कपाळाला हात लावला. "कुठंय ताप? गारच लागतंय." तव्यापुढून आलेल्या हाताला काय कळणार? पण घरातला शेवटचा शब्द त्याच हाताचा.

मी थर्मामीटर काढला. त्याचा सेल संपला की वर्षभर मागणी करूनही मिळत नाही, म्हणून घड्याळाच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं टाकून घेते. काख घामानं ओली होती, ती पुसली. टोक खळग्यात बसवलं आणि बाळाचा दंड छातीशी धरून ठेवला, बीप वाजेपर्यंत. बीपआधीच काढून आकडा लिहिणाऱ्या सिस्टरही मी पाहिल्या आहेत.

१००.४.

शेगडीची धग असेल, असं वाटलं. ती बाहेर नेली, गोधडी काढली, अर्धा तास थांबले. पुन्हा लावला. १०१. पाजायला घेतलं तर बाळ दोनदा चोखून झोपी गेलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ९९.५ च्या वर गेलं की घरी ठेवायचंच नाही. मी १०२ नंबरच्या रुग्णवाहिकेला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागलीय, आधी मीठमोहऱ्या उतरवते." गाडी येईपर्यंत त्यांनी उतरवल्या. मी अडवलं नाही.

दहा दिवस बाळ जिल्ह्याच्या नवजात कक्षात होतं. जंतुसंसर्ग झाला होता. इंजेक्शनं चालली.

तो अर्धा तास मला फारसा टोचत नाही. टोचतो आदल्या संध्याकाळचा फोन. ती पोरगी म्हणाली होती, "ताई, पाजताना बाळाचं तोंड भाजतंय." मी म्हटलं, "दूध साठलं असंल, छाती गरम होते. पिळून काढ." छाती घट्ट झालीय का, हे मी विचारलंच नाही. ती मऊच होती. घरात ताप पहिल्यांदा तिला कळला होता, तोही हात न लावता.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाळ घरी होतं. ९८.२. फॉर्मवर तापमानाचा रकाना आहे, आईला काय जाणवलं याचा नाही. "पाजताना तोंड गरम लागत नाही" असं मी समासात पेन्सिलीनं लिहिलं. आम्हा आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तकबाईंनी खोडायला लावलं.