ट्रायल्स डायरी, महिना सहावा: आधी पवित्रा, मग हँडलबार

रविवारी क्लबची मार्चची ट्रायल झाली, म्हणजे दगड, चिखल, ओढे यांतून पाय न टेकता मोटरसायकल काढायची स्पर्धा. दहा सेक्शन (खुणांनी आखलेले अवघड टप्पे), चार फेऱ्या, एकूण ३९ गुण गेले. ऑक्टोबरात पहिल्यांदा उतरलो तेव्हा ७१ गेले होते. आपल्या खेळात गुण जितके कमी तितकं चांगलं: पाय एकदा टेकला की १, दोनदा २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३, आणि गाडी पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर ५. या सहा महिन्यांत नवीन काहीही विकत घेतलेलं नाही. तीन आठवडे नुसतं उभं राहायला शिकलो आणि मग एका संध्याकाळी एलन की घेऊन हँडलबार थोडा पुढे फिरवला, एवढंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी इंग्लंडात लीड्सला राहतो. गाडी २०१५ची बीटा इव्हो २५०, टू-स्ट्रोक, सेकंडहँड. ट्रायल्सच्या गाडीवर बसायचं नसतंच, पेगवर म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं, आणि तिचं वजन ७० किलोच्या आसपास. माझं ७८. या जोडीत जड मी आहे, त्यामुळे मी कुठे उभा आहे त्यावर गाडी कुठे जाणार हे ठरतं. हे मला कागदावर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अंगाला कळायला डिसेंबर उजाडला.

क्लबात सत्तरीतले एक गृहस्थ आहेत. त्यांनी माझं पुढचं चाक गोठ्याच्या दगडी भिंतीला टेकवलं, मागचं मडगार्ड स्वतः धरलं आणि म्हणाले, "आता पेगवर उभा राहा आणि बोटं उघड." बोटं उघडली आणि मी मागे गेलो. म्हणजे इतके दिवस मी हँडलबारला लोंबकळत होतो! हाताला गोळे यायचे, क्लच झटक्यात सुटायचा, दुसऱ्या फेरीत दम संपायचा. सगळ्याचं मूळ तिथे होतं.

कुस्तीच्या आखाड्यात पैलवान पवित्रा घेतो तो आठवा. गुडघे मोकळे, कंबर किंचित मागे, पाठ सरळ, छाती पुढे. तसंच इथे. चवड्याच्या जरा मागचा भाग पेगवर, गुडघे किंचित वाकलेले पण गाडीला घट्ट चिकटवलेले नाहीत, कारण गाडीला तुमच्याखाली डावी-उजवीकडे झुकायला जागा लागते. कोपरं बाहेर आणि वर. नजर पुढच्या चाकावर नाही, तीन-चार मीटर पुढे. सगळं वजन पायांत. हातांकडे फक्त दिशा, क्लच, ब्रेक आणि थ्रॉटल.

हे जमायला लागलं तेव्हा गाडीची खोड दिसली. आधीच्या मालकाने हँडलबार पार मागे, स्वतःच्या पोटाकडे ओढून ठेवला होता. नवख्या माणसाला ते फार बरं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण बार मागे आला की कोपरं खाली पडतात, वजन मागच्या चाकावर जातं आणि पुढचं चाक हलकं होतं. आमच्याकडे ओढ्यातून वर येऊन ओल्या गवताच्या आडव्या उतारावर डावं वळण घ्यायचा एक सेक्शन आहे. तिथे पुढचं चाक दरवेळी खालच्या बाजूला घसरायचं आणि मी टायरला दोष द्यायचो.

बार बदलायच्या आधी बारवर आणि तो धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर मिळून व्हाइटनरची एक बारीक रेघ ओढली. हे नक्की करा, नाहीतर कुठून निघालो होतो तेच कळत नाही. मग बाजूने बघून बारचा उभा भाग फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) रेषेत आणला. रेघेची दोन टोकं जेमतेम ४ मिलिमीटरने सरकली. पहिल्या दिवशी गाडी परकी वाटली, दुसऱ्या रविवारी त्याच उतारावर चाक रुतून वळलं. वळताना गाडी आत झुकवायची, अंग बाहेर, वजन बाहेरच्या पेगवर, बाहेरचं कोपर वर. बार पुढे असल्यामुळे त्या कोपराला वर जायला आता जागा मिळते. पण म्हणून बार आणखी पुढे ढकलू नका. मी हौसेने तेही करून पाहिलं. उतारावर अंग बारवरून पुढे ओढलं जातं आणि हँडल जड होतं.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर एका बोटाने ओढायचे, म्हणून ग्रिपपासून थोडे आत सरकवले, म्हणजे तर्जनी बरोबर टोकावर येते. उभं राहून हात, मनगट आणि बोट एका रेषेत येईल इतकाच उतार दिला. त्यांचे क्लॅम्प मात्र गच्च आवळू नका. गाडी पडली की लिव्हर फिरला पाहिजे, मोडता कामा नये.

गावाकडे एक्सपल्स किंवा हिमालयन या मोटरसायकलींवर सराव करणाऱ्या मित्रांनी त्यांच्या बारबद्दल विचारलं होतं, त्यांच्यासाठी: त्या गाड्यांचा बार मुख्यतः बसून चालवण्याच्या हिशोबाने असतो. उभं राहिल्यावर पाठीला बाक येत असेल तर रायझर (बार उंच करणारे ठोकळे) लावा. पण लावल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे इंजिन चालू ठेवून तपासा. हँडल वळवताना आयडल (गॅस न देता इंजिन फिरण्याचा वेग) आपोआप वाढला, तर थ्रॉटलची केबल आखडते आहे.

ऑक्टोबरात यॉर्कशरमधल्या स्वेलडेलला स्कॉट ट्रायल बघायला गेलो होतो. १९१४ साली सुरू झालेली ही स्पर्धा, आणि तिच्यात पाय टेकल्याचेही गुण जातात आणि उशीर झाल्याचेही. शेवटच्या सेक्शनांपाशी आलेले रायडर चिखलाने माखलेले होते, पण कोपरं तशीच वर, पाठ तशीच सरळ. टोनी बूचे व्हिडिओ मीही आवडीने बघतो. २००७पासून २०२४पर्यंत एकही वर्ष न चुकता जगज्जेता राहिलेला माणूस आहे तो. पण त्याच्या उड्यांपेक्षा ते दमलेले लोक बघून मी जास्त शिकलो.

आता उजवी वळणं. हँडल पूर्ण उजवीकडे गेलं की थ्रॉटलचं मनगट दुमडतं आणि गॅस नकळत वाढतो. रविवारच्या ३९पैकी १७ तिथेच गेले. या आठवड्यात अंगणात दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती उजवीकडून आठ काढायचे आहेत, क्लच अर्धा दाबून, इंजिनाचा आवाज जराही न वाढवता.