सीआरएनए प्रवेशाचा वृत्तांत : आयसीयू नव्हे, मार्कशीट आडवी येते

सीआरएनए, म्हणजे अमेरिकेत भूल देणारी नर्स, होण्याच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचं पत्र हातात आहे, झोप भरून निघालेली नाही आणि राग तर मुळीच गेलेला नाही. पुढचं जरा तिखट लागलं तर तेवढं समजून घ्या.

भारतात बीएस्सी नर्सिंग करून अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून काम करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. एनसीएलईएक्स, म्हणजे लायसन्सची परीक्षा, कधीच झालीय, आयसीयूत आहात, व्हेंटिलेटर आणि प्रेसरच्या (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांच्या) ड्रिप रोजच्या हाताखालच्या आहेत, असं धरून चालते. स्टेप-डाऊन युनिटचा (आयसीयूच्या एक पायरी खालच्या वॉर्डाचा) अनुभव धरत नाहीत, इमर्जन्सीचाही बहुतेक ठिकाणी नाही. तिथे असाल तर आधी बदली मागा, मग पुढचं वाचा.

घरी समजावताना माझ्या नाकी नऊ आले, म्हणून एवढं सांगून ठेवते. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात. अमेरिकेत नर्सनं भूल देण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, अशा नर्सेसची संघटना १९३१ पासूनची. २०२२ पासून या अभ्यासक्रमात नव्यानं शिरणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, किमान ३६ महिने. सासूबाईंना मी ‘भूल देण्याचं शिक्षण’ एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग आत्तापर्यंत काय शिकलीस?”

वेबसाइटवर ‘क्रिटिकल केअरचा किमान एक वर्ष अनुभव’ असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. ती अर्ज घेण्याची अट आहे, प्रवेश देण्याची नाही. माझ्या मुलाखतीच्या दिवशी बाहेर बसलेल्यांत एका वर्षाचं कोणीच नव्हतं.

आता खरा घाट.

कॉलेजच्या माहितीसत्रात मी सरळ विचारलं होतं : पदवी भारतातली आहे, लायसन्सच्या वेळी कागदपत्रांचं मूल्यमापन झालंय, तेच चालेल का? उत्तर आलं, चालेल. अर्ज भरल्यावर कळलं, चालत नाही. लायसन्सच्या त्या अहवालातून तुम्ही शिकलेली नर्स आहात एवढंच दिसतं. कॉलेजला प्रत्येक विषयाची क्रेडिट आणि ग्रेड दाखवणारा ‘कोर्स बाय कोर्स’ अहवाल लागतो, कारण त्यातून ते सायन्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात. म्हणजे पुन्हा फी, पुन्हा ट्रान्सक्रिप्ट, पुन्हा भारत.

आणि आपली मार्कशीट इथे अगदी बरोबर अडकते. आमच्या जुन्या अभ्यासक्रमात अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी मिळून एक पेपर, न्यूट्रिशन-बायोकेमिस्ट्री मिळून एक पेपर, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स मिळून एक पेपर. न्यूट्रिशनचे तास ६०, बायोकेमिस्ट्रीचे ३०. मूल्यमापन करणाऱ्या कंपनीनं अख्खा पेपर न्यूट्रिशनच्या खात्यात टाकला आणि बायोकेमिस्ट्री गायब! स्टॅटिस्टिक्स नर्सिंग रिसर्चच्या पोटात गडप. अहवालाप्रमाणे मी हे दोन्ही विषय शिकलेच नव्हते. दुरुस्ती मागितली तर तिची फी वेगळी, घाईत हवी तर ‘रश’ची आणखी वेगळी, प्रत्येक जादा प्रतीचे पैसे वेगळे. माणसाशी बोलायचं म्हटलं तर फोनवर नुसतं संगीत.

यावर औषध एकच : कॉलेजच्या शिक्क्याचा, विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास वेगळे दाखवणारा सिलॅबस. तो ट्रान्सक्रिप्टबरोबर पहिल्याच फेरीत मागवा. नुसतं ट्रान्सक्रिप्ट मागवाल तर दुसरा हेलपाटा ठरलेला.

माझ्यासाठी हेलपाटे धाकट्या भावानं घातले. ऑफिसातलं उत्तर, “साहेब रजेवर आहेत, आणि त्या बॅचचं रजिस्टर खाली गोडाऊनमध्ये आहे.” समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक गृहस्थ तयारच बसलेले : “पंधरा हजारात सगळं घरपोच, ताईंना काही बघावं लागणार नाही.” मी फोनवरच भावाला सांगितलं, दमडी द्यायची नाही. कॉलेजच्या पावतीवर काहीशे रुपयांत होणारं हे काम आहे. शिवाय असा माणूस स्वतःच्या पाकिटात घालून पाठवतो आणि ते पाकीट इथे कोणी उघडतसुद्धा नाही.

पाकिटाचंही ऐकून ठेवा, माझं पहिलं त्यावरच परत गेलं. पाकीट संस्थेचं छापील नावाचं हवं. चिकटवल्यावर शिक्का असा मारायचा की अर्धा झाकणावर आणि अर्धा पाकिटावर येईल, आणि प्राचार्यांची सहीसुद्धा त्या जोडावरूनच गेली पाहिजे. आमच्या क्लार्कनी प्रेमानं वरून सेलोटेप लावली. टेप म्हणजे छेडछाड, अर्ज रखडला. भावानं दुसऱ्यांदा टेबलासमोर उभं राहून शिक्का मारून घेतला आणि त्याचा फोटो मला पाठवला, तेव्हा कुठे पाकीट कुरिअरला गेलं. तुमचं काम ऑनलाइन होत असेल तर तेच करा, पण पीडीएफ संस्थेच्या ईमेलवरूनच गेली पाहिजे.

नावाचा घोळ आहेच. मार्कशीटवर माहेरचं आडनाव आधी, पासपोर्टवर सासरचं शेवटी. लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रत सोबत जोडा, कोणी मागण्याची वाट बघू नका.

टक्क्यांबद्दल : आपले साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथल्या शंभरपैकी साठ म्हणजे काठावरचा डी. तुमच्या मार्कांचं रूपांतर मूल्यमापन कंपनी करणार की कॉलेज स्वतः आकडे वाचणार, हे अर्जाआधी ईमेलवर लेखी घ्या. तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही.

कागदांवर भांडत बसण्यापेक्षा मी स्टॅटिस्टिक्स आणि केमिस्ट्री कम्युनिटी कॉलेजात पुन्हा केले. नाइट ड्यूटी करून केले आणि आज म्हणते, हेच आधी करायचं. कित्येक अभ्यासक्रमांना सायन्सचे विषय ठरावीक वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, म्हणजे मार्क कितीही चांगले असले तरी पदवी शिळी होते. दोन ताजे ए दिसले की जुन्या मार्कशीटकडे कोणी फारसं बघत नाही. मात्र केमिस्ट्रीची लॅब ऑनलाइन चालते का, तेही लेखीच विचारा.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी केलेल्यांनो, तुम्हाला दोन्हींचे कागद लागतील आणि ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आणावे लागतील. वर्षभर आधी सुरुवात करा.

बाकी सोपं. सीसीआरएन, म्हणजे गंभीर रुग्णांच्या नर्सिंगची प्रमाणपत्र परीक्षा, द्याच. त्यासाठी मागच्या दोन वर्षांत गंभीर रुग्णांच्या सेवेचे १७५० तास लागतात, त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले. फुल टाइम असाल तर ते आपोआप होतात. जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच ठिकाणी उठलीय. जिथे मागतात तिथे आधी सूट मिळते का बघा. शॅडोइंगसाठी, म्हणजे सीआरएनएच्या मागे उभं राहून काम बघायला, आपल्याच हॉस्पिटलच्या ओटीत विचारा, कोणी ना कोणी हो म्हणतं. सकाळी पहिल्या केसच्या आधी जा, मशीनची तपासणी बघायला मिळेल. प्रोपोफोल हे भुलीचं औषध जाताना हात जळजळतो म्हणून आधी लिडोकेन द्यायचं, डोळे मिटल्यावर पापण्यांवर टेप लावायची, हे सगळं त्या सीआरएनए बाई पेशंटशी नातवंडांच्या गप्पा मारत करत होत्या. मी तेव्हाच ठरवलं.

मुलाखतीच्या तयारीची पॅकेजं विकणारे खूप आहेत. पैसे पाण्यात. मला जे विचारलं ते सगळं माझ्याच युनिटमधलं होतं : सेंट्रल लाइन घातल्यावर व्हेंटचं पीक प्रेशर चढलं, बीपी कोसळलं, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, काय कराल? एक्स-रेची वाट बघते म्हणालात की संपलं. टेन्शन न्यूमोथोरॅक्स आहे, म्हणजे छातीत फुप्फुसाबाहेर हवा कोंडलीय, आधी ती काढायची. मग रक्तदाब वाढवणारी औषधं, लेव्होफेड कुठल्या रिसेप्टरवर, व्हॅसोप्रेसिन कुठल्या, हे विचारतात. ड्यूटीवर लटकवलेल्या प्रत्येक ड्रिपचं ‘का’ सांगता आलं की पुरे.

पैसा मोठा आहे. अनेक ठिकाणी नुसती फी लाखावर डॉलर जाते आणि शिकताना नोकरी जमत नाही. ग्रीनकार्ड असेल तर सरकारी कर्ज मिळतं, एच-१बीवर नाही. नव्यानं कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून बंद, म्हणजे फीएवढं पूर्ण कर्ज मिळण्याचा तो जुना रस्ता धरून हिशेब मांडू नका.

प्रवेश मिळाल्यावर टीबीची चाचणी सांगतील. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि आणखी कागद. पहिल्याच दिवशी रक्ताची चाचणी मागून घ्या.