वॉरफरिन चालू आहे की बंद?

मिरजेत माझी संध्याकाळची इंग्रजीची बॅच आहे. बहुतेक सगळ्या स्टाफ नर्स आणि दोन-तीन ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे विद्यार्थ्यांना तोटा नाही. कुणी सांगलीहून येतं, कुणी जयसिंगपूरहून, काही जणी पलीकडे चिकोडी-अथणीच्या आहेत, त्या घरी कन्नड बोलतात आणि वॉर्डात मराठी. सगळ्यांना यूकेला जायचंय, त्यासाठी ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, द्यायची. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ३५० लागतात आणि रायटिंगला ३०० चालतात. रायटिंगला ५० मार्कांची सूट दिलीय यावरूनच समजा पोरांचं घोडं कुठं अडतं ते.

रायटिंग म्हणजे एकच पत्र. पेशंटच्या केस नोट्स देतात, ५ मिनिटं वाचायला, ४० मिनिटं लिहायला, साधारण १८० ते २०० शब्दांत पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला पत्र लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडे पत्र म्हटलं की हात आपोआप 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' असं लिहायला लागतो, शाळेतल्या रजेच्या अर्जाची सवय, ती कुठं जाते.

तर त्या रविवारी मी एक सरावाची केस दिली होती. ७२ वर्षांच्या आजी, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) चालू, गुडघा बदलायला ॲडमिट. ऑपरेशनच्या पाच दिवस आधी वॉरफरिन बंद, नंतर दुसऱ्या दिवशी परत सुरू, रोज रात्री ५ मिलिग्रॅम, उद्या डिस्चार्ज, तीन दिवसांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) बघायचा, तो २ ते ३ च्या मधे हवा. पत्र घरी जाऊन बघणाऱ्या नर्सला लिहायचं.

नेहमी मी वह्या गोळा करून घरी तपासते. त्या दिवशी म्हटलं नको, अदलाबदल करा. शेजारच्याचं पत्र घ्या, केस नोट्स उलट्या ठेवा, तुम्ही आता त्या तिकडच्या नर्स आहात, पेशंट पहिल्यांदाच बघताय, हातात फक्त हे पत्र. कागदावर चार गोष्टी लिहा: आज कुठलं औषध द्यायचं, किती, कधी, आणि पुढची तपासणी कुठली.

आता आमच्या बॅचमधे एक ब्रदर आहेत, व्याकरणात एकदम पक्के. भिंतीवर बारा काळांचा तक्ता आहे तो त्यांना पाठ, गाळलेल्या जागा भरायला दिल्या की दहापैकी दहा. त्यांचं पत्र आयसीयूवाल्या सिस्टरकडे गेलं. त्या नाईट करून आलेल्या, डोळे तांबारलेले, पण वाचताना मान वर केली नाही. मग कागदावर लिहिलं, वॉरफरिन देऊ नये.

ब्रदर उसळलेच. "असं कसं? मी लिहिलंय की चालू केलीय म्हणून!"

"कुठं लिहिलंय? दाखवा की."

पत्र फळ्यावर उतरवलं. दुसऱ्या परिच्छेदात होतं 'वॉरफरिन हॅज बीन स्टॉप्ड', आणि पार शेवटी 'वॉरफरिन हॅड बीन रीस्टार्टेड'. सुटं सुटं बघितलं तर दोन्ही वाक्यं शुद्ध, तक्त्यातल्या चौकटीत चपखल बसणारी. एकत्र वाचा मात्र. हॅज बीन स्टॉप्ड म्हणजे बंद केलीय, अजून बंदच आहे. हॅड बीन रीस्टार्टेड म्हणजे मागे कधीतरी परत सुरू केली होती. वाचणारीला काय कळलं, तर मधे सुरू केलेली, आता बंद आहे. नेमकं उलटं! आणि ठोके अनियमित असलेल्या बाईची वॉरफरिन अशी बंद राहिली तर गुठळी होऊन लकवा मारू शकतो, हे त्या खोलीत सगळ्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आधी हशा झाला, मग एकेकाचे चेहरे बघण्यासारखे.

ब्रदरना विचारलं, हॅड का घातलं? तर म्हणे शेवटी हॅड असलं की भारदस्त वाटतं. हे प्रामाणिक उत्तर आहे बरं का, असं पुष्कळांना वाटतं, फक्त कुणी बोलत नाही.

मी म्हटलं तक्ता राहू दे. आत्ता तुमची ड्यूटी संपलीय, सिस्टर आल्यात, हँडओव्हर द्या, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या शिफ्टला सांगा, मराठीत.

एक सेकंद लागला नाही. "सिस्टर, टीकेआरच्या (गुडघा बदललेल्या) आजी, वॉरफरिन ऑपरेशनच्या आधी पाच दिवस थांबवली होती, दुसऱ्या दिवशी परत चालू केलीय, रात्री पाच एमजी, उद्या डिस्चार्ज, तीन दिवसांनी आयएनआर."

थांबवली होती. चालू केलीय. फळ्यावर हे दोनच शब्दप्रयोग लिहिले आणि खाली त्यांची इंग्रजी वाक्यं. बंद असलेलं काय आणि चालू असलेलं काय हा फरक यांना रोज तीन शिफ्टमधे अचूक करता येतो, कुणी शिकवलेला नाही. तक्त्यातल्या नावांनी तो झाकला जातो असं माझं मत झालंय.

पण इथं फसायलाही होतं. चिकोडीची पोरगी लगेच म्हणाली, "मग होती आलं की हॅड लिहायचं ना मॅडम?" तर नाही. आपण 'काल मुंबईला गेलो होतो' असं सहज म्हणतो, त्यात मागचंपुढचं काही नसतं, म्हणून तर निम्मा महाराष्ट्र 'आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे' म्हणतो. इंग्रजीतल्या हॅडला जोडीला नंतरची दुसरी घटना लागते, ती नसेल तर साधा भूतकाळ, आपल्या पत्रात वॉज. तेवढ्यात आयसीयूवाल्या सिस्टर म्हणाल्या, "आणि चालू केलीय त्याच्यात दिवस पण सांगितलाय ओ, ते चालतं का?" हा प्रश्न मला खरंच आवडला. मराठीत 'परवा चालू केलीय' बिनधास्त चालतं. इंग्रजीत दिवस किंवा तारीख आली की हॅज बीन गेलं, वॉज घ्यायचं, आणि औषध आजही चालू आहे हे वेगळ्या वाक्यात सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून केलं: 'वॉरफरिन वॉज स्टॉप्ड फाइव्ह डेज बिफोर सर्जरी अँड रीस्टार्टेड ऑन द डे आफ्टर सर्जरी. शी इज नाऊ टेकिंग फाइव्ह मिलिग्रॅम्स एव्हरी नाइट.' ब्रदर म्हणाले, हे तर पाचवीच्या पोराचं इंग्रजी झालं. मी म्हटलं, होऊ दे की.

दुसऱ्या टोकाला आमच्या थोरल्या सिस्टर. चाळिशी पार, त्यांच्या वेळी मराठी शाळेत एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची, पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्यांच्या पत्रात द आणि अ यांचा पत्ताच नव्हता, 'सिन्स टू डेज' होतं ('फॉर टू डेज' हवं), वर रिस्पेक्टेड मॅडम होतंच. पण पहिल्याच वाक्यात आजी उद्या घरी येतायत, वॉरफरिन चालू आहे, आयएनआर बघा. ज्या पोरीने ते पत्र वाचलं तिने चारही गोष्टी बरोबर लिहिल्या, तेही सगळ्यांच्या आधी. ओईटीत पत्राला सहा निकषांवर मार्क देतात, त्यातला पहिला, पत्र कशासाठी लिहिलंय ते लगेच कळतं का, तिथं त्या ब्रदरच्या पुढे. भाषेच्या निकषात मात्र मार खाणार, ते त्यांनाही माहितीय, लगेच म्हणाल्या, "माझं पत्र वाचून पेशंट जगंल ओ, मीच नापास हुईन."

सगळे खो खो हसले. ब्रदर सुद्धा, जरा उशिरा.

तेव्हापासून पत्र लिहायच्या आधी जोडीदाराला दोन मिनिटं मराठीत हँडओव्हर द्यायचा, कन्नडवाल्यांनी कन्नडमधे, असं ठरलंय. काळ बऱ्यापैकी सुधारलेत. 'सिन्स टू डेज' काही हलत नाही. आता थोरल्या सिस्टरसाठी आर्टिकल्स घ्यायचीत आणि तिथं ही युक्ती चालायची नाही, कारण आपण हँडओव्हर देताना द वापरतच नाही, त्यामुळे मराठीत बोलून आठवण्यासारखं काही नाही. तूर्त त्यांना रोज एका जुन्या पत्रातली नुसती नामं अधोरेखित करायला सांगितलीयत, नाईटला वेळ मिळाला तर करीन म्हणाल्यात.