थोरलीची नवमी

भाद्रपद वद्य नवमी, महाल, नागपूर

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचे श्राद्ध या तिथीला करतात. आमच्या घरी ते आजोबांच्या पहिल्या पत्नीचे होत असे आणि ते मनापासून करणारी होती माझी आजी, म्हणजे त्यांची दुसरी पत्नी. आजीने थोरलीला कधी पाहिलेही नव्हते. तरी तिला कढीगोळे आवडत हे तिने नणंदेकडून विचारून घेतले होते आणि नवमीला बोलावलेल्या सवाष्णीच्या पानात ते वाढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ओटी भरण्याआधी ती थोरलीच्या फोटोची काच पदराने पुसायची, कोपऱ्यांतली धूळसुद्धा नखाने काढायची. नवरा गेल्यावर ही नवमी अनेक घरांत बंद करतात. आजोबा गेले तेव्हा गुरुजींनीही तेच सुचवले, पण आजी एवढेच म्हणाली, "तिचं करायला माझ्याशिवाय आहे कोण?"

हे आज फार आठवते आहे, कारण श्रावणात आमचा कुत्रा, मोती, गेला. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात तो दुपारभर कूलरपुढे पोट फरशीला टेकवून पडून राहायचा आणि टाकीतले पाणी संपत आले की पंप कोरडा घुरघुरण्याआधीच उठून माझ्याकडे येऊन उभा राहायचा. तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून लोक सांगू लागले, "दुसरं पिल्लू आणा, विसर पडेल." याच गल्लीत, पत्नी गेल्यानंतर पुन्हा लग्न ठरवणाऱ्या एका गृहस्थांबद्दल "अजून वर्षही झालं नाही" असे बोलले गेले होते. कुत्र्याच्या बाबतीत घाई करायची आणि माणसाच्या बाबतीत अडवायचे, हे दोन्ही मला अन्यायाचे वाटते, कारण दोन्हींत एकच गृहीत आहे: येणारा जीव गेलेल्याच्याच पाटावर बसणार आणि गेलेल्याला उठवणार.

तसे होत नाही, हे जीवशास्त्रही सांगते. 2001 मध्ये टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या पेशीपासून सीसी ही जगातली पहिली क्लोन मांजर जन्माला घातली. जनुके तीच, पण सीसीच्या अंगावर केशरी रंगाचा ठिपकाही नव्हता. मांजराचा केशरी रंग एक्स गुणसूत्रावरून ठरतो आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो. ज्या पेशीतून सीसी घडली तिच्यातला केशरीचा एक्स बंद होता.

माणसांबद्दल मनोविश्लेषक फ्रॉइडचे मतही आयुष्याने बदलवले. 1917 च्या निबंधात त्याने मांडले होते की शोक पुरता झाला की गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन मोकळे होते आणि दुसरीकडे जडू शकते. 1920 मध्ये इन्फ्लूएंझाने त्याची मुलगी सोफी गेली. त्यानंतर 1929 मध्ये, मुलगा गमावलेल्या आपल्या मित्राला, बिन्सवांगरला, त्याने पत्रात लिहिले की ती जागा पूर्ण भरली तरी तिथे जे येते ते वेगळेच असते आणि तसेच असायला हवे, कारण जे प्रेम आपल्याला सोडायचे नाही ते चालू ठेवण्याचा तोच एक मार्ग आहे. मला हे पटते, कारण मी ते आजीच्या स्वयंपाकघरात पाहिलेले आहे. आजोबांच्या संसारात ती दुसरी आली आणि थोरलीची आठवण सगळ्यांत जास्त तिनेच जपली. आजोबांचे तिच्यावर प्रेम होते आणि त्यात कधी काही कमी पडल्याचे आम्हा नातवंडांना दिसले नाही.

म्हणून पिल्लू आणायचे मी ठरवले आहे. पितृपक्ष संपला की घटस्थापनेनंतर ते येईल. मोतीचे पाण्याचे भांडे त्याला देईन, कारण भांडे चांगले जड आहे, उलटत नाही. पट्टा मात्र नवा आणू. मुलाला नाव पुन्हा मोतीच ठेवायचे होते. ते सोडून कोणतेही ठेव, असे मी त्याला आज जेवताना सांगितले.