दोन रुपयांतले महाराज

सुट्या पैशांत १९९९ सालचे शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले, की ते लगेच पुढच्या दुकानात देऊन टाकण्याचे मन होत नाही. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे, अकरा कडांचे, सहा ग्रॅम वजनाचे हे नाणे एका बाजूला सिंहमुद्रा आणि दुसऱ्या बाजूला महाराजांची छबी घेऊन अगदी साधेपणाने बाजारात उतरले. बऱ्याच हातांतून फिरल्यावर चेहऱ्याचा उंचवटा झिजून गुळगुळीत होतो, नाव मात्र वाचता येते.

ते तसे योग्यच म्हणायचे, कारण महाराजांनी स्वतः पाडलेल्या नाण्यांवर चेहरा नव्हताच. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या काळातल्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे, भोवती ठिपक्यांचे कडे. आजूबाजूला फारसी मजकुराच्या नाण्यांची चलती असताना देवनागरी अक्षरे हीच मोठी घोषणा होती. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, शिवाय सगळे काम हाताने ठोकून. त्यामुळे मी निरखून पाहिलेल्या एका शिवराईवर ‘श्री’ ठसठशीत उमटली होती आणि ‘राजा’मधला ‘जा’ कडेबाहेर निसटला होता. अशीच शिवराई पुढे छत्रपतींच्या वंशजांच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने पडत राहिली.

मग आपल्या ओळखीचा चेहरा आला कुठून? नाण्यांतून नव्हे, तर चित्रांतून. परदेशी संग्रहांत पोहोचलेली सतराव्या शतकातली चित्रे आणि त्यांतले एक उजेडात आणणारे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांचे त्याबाबत ऋण मानावे लागते.

स्मारक म्हणून काढलेली चांदीची जड नाणी मखमली पेटीत जातात आणि तिथेच राहतात. मला हे दोन रुपयांचे नाणे त्यांच्याहून सरस वाटते, कारण शिवराईही भाजीपाल्याच्या व्यवहारातलीच होती. (याच नाण्याच्या अवाच्या सवा किमती सांगणाऱ्यांची मात्र गंमत वाटते, ते लाखोंच्या संख्येने पडलेले आहे.)

राज्याभिषेकाच्या सुमारास तह करायला आलेल्या इंग्रज वकिलाने, हेन्री ऑक्झेंडनने, आपल्या कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत अशी मागणी केली होती. त्यावर महाराजांचे उत्तर असे होते, की कोणतेही नाणे चालवायला आपली मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती आपण तिच्यावर करणार नाही. नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या नाण्याइतके उतरले, तर ते चालेल.