देवगढ ते केओंझर

माझ्या जुन्या ट्रकमालक शेठचा फोन आला तेव्हा मी द्राक्षाचे क्रेट पिकअपमध्ये भरत होतो. "नवी बारा टायर काढलीय. एसी केबिन. कलकत्ता लाईन. येतोस का?" सांगतो म्हणालो.

2003 ते 2016, तेरा वर्षं मी पिंपळगावचा कांदा कलकत्त्याला नेला. त्याआधी दोन वर्षं क्लीनर. राहुडचा घाट, धुळे, भुसावळ, अकोला, नागपूर, देवरी, रायपूर, संबलपूर, मग ओडिशाचं जंगल, बहारागोडा, खरगपूर आणि शेवटी पोस्ता बाजारातली ती अरुंद गल्ली. तिथे वाराईवरून, म्हणजे माल उतरवण्याच्या हमालीवरून, वाद घालायचा, गाडी रिकामी करायची आणि परतीचं भाडं मिळेपर्यंत डोळे मिटायचे. सोडलं तेव्हा घरी सांगितलं की आईला बरं नसतं, आता घरी थांबतो. आई आजारी होतीच, पण खरं कारण वेगळं होतं.

2016 च्या जानेवारीतली रात्र. ओडिशातल्या देवगढला चहा घेतला हे मला आठवतं. त्यानंतर एकदम केओंझरच्या अलीकडे खनिजाच्या गाड्यांची रांग दिसली, तेव्हा पाय ब्रेकवर गेला. मधलं काही म्हणजे काहीच आठवत नाही. एक वळण नाही, एक गाव नाही. त्या पट्ट्यात हत्ती रस्त्यावर येतात, बिनदिव्यांच्या सायकली असतात, रस्त्यालगत घरं आहेत. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि टॉर्च घेऊन पुढचं बंपर बघितलं. मग चाकं बघितली. मी काय शोधत होतो ते मला माहीत होतं. काही नव्हतं. तरी उजाडेपर्यंत मी तीनदा बघून आलो. ती खेप पुरी केली आणि परत आल्यावर शेठच्या हातात चावी दिली.

दहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नवी गाडी बघायला गेलो. आता नव्यानं तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे, म्हणून ही तशी. मे महिन्यात नागपूर ते रायपूर इंजिनाच्या धगीशेजारी बसून, डोक्यावर ओला पंचा टाकून ज्यानं गाडी चालवलीय, त्यालाच त्या थंड हवेची किंमत कळेल. मी सीटवर बसलो, दार लावलं, आणि खरं सांगतो, गळा दाटून आला. माझ्याबरोबरचे किती जण या उन्हानं आणि पाठीच्या मणक्यानं घरी बसले. हे आधी का नाही झालं?

पण शेठ पुढचं सांगत गेला तसतसा मी झोपेचा हिशोब मांडायला लागलो. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं आणि नागपूरपर्यंत सरळ. घाटातलं गिअर बदलणं नाही, गाव नाही, म्हैस आडवी येणं नाही. लोकांना हे सुख वाटतं, मला त्याचीच भीती वाटते. सरळ रस्ता डोळे मिटवतो. टोलवर फास्टॅग, म्हणजे तिथेही उतरायचं काम नाही. जीएसटी येण्याआधी देवरीच्या पुढे राज्याच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावर सहा-सहा तास रांग लागायची. आम्ही शिव्या घालायचो, पण त्याच रांगेत मी झोपायचो आणि क्लीनर गाडी थोडी थोडी पुढे सरकवायचा. 2017 मध्ये ते नाके गेले, आणि ती झोपही गेली. कांद्याला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचं ऑनलाईन बिल, लागत नाही, पण परतीच्या मालाला लागतं, आणि त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस. वर जीपीएस. गाडी अर्धा तास उभी राहिली की फोन येतो, "का थांबलास?" उभ्या गाडीत एसी लावून पडावं, तर इंजिन चालू ठेवायला लागतं, आणि शेठ डिझेल मोजणारच.

मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा होता, 2025 मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं त्या जुन्या कायद्यात लिहिलं होतं. तेरा वर्षांत मला ते कुणी सांगितलं नाही. आता मोबाईलवर वाचलं.

"क्लीनर कोण?" मी विचारलं. शेठ म्हणाला, आता क्लीनर कोण ठेवतं? पोरं येत नाहीत.

त्या रात्री मी माझ्या जुन्या क्लीनरला फोन लावला. तो आता सिन्नरकडे हायवा डंपर चालवतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी त्याला केओंझरची ती रात्र सांगितली. तू मागे झोपला होतास, तुला कळलं नसेल, म्हणालो. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "वस्ताद, मी झोपलो नव्हतो. तुम्ही हूं हूं करायचे बंद झाला होता. मी तुमच्या शेजारी बसून मोठमोठ्यानं बोलत होतो. वळण आलं की 'डावीकडं घ्या' म्हणायचो, तुम्ही घ्यायचे." मग थांबवलं का नाहीस, विचारलं. "तुम्ही वस्ताद. तुम्हाला कसं सांगणार?"

एकोणीस वर्षांचा होता तो तेव्हा. दहा वर्षं मी समजत होतो की देवानं वाचवलं.

फोन ठेवला आणि बायकोला उठवून सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मग आता शेजारी कोण बसणार?"

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेलो. पैशाचं बोललोच नाही, पिकअपपेक्षा दहा हजार जास्त सुटतात हे दोघांनाही माहीत आहे आणि मुलीची फी भरायची आहे हेही. मी म्हणालो, लाल कांदा मी नेणार नाही. तो ओला असतो, दोन दिवस ताडपत्रीखाली राहिला की घामेजतो, सडतो, त्याला घाई करावीच लागते. उन्हाळ कांदा नेतो. जो कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, तो रस्त्यात एक दिवस जास्त राहिला तर त्याचं काय बिघडतं? रात्री अकरा ते चार गाडी उभी राहील, आणि गाडीवर दुसरा माणूस पाहिजे. त्याच्यासाठी माझा निम्मा भत्ता कापा.

शेठनं बराच वेळ हिशोब केला. गाडी उभी ठेवण्याचं कबूल केलं. दुसऱ्या माणसाचं म्हणाला, "तूच शोध."

माझं हेवीचं लायसन संपून वर्षाच्या वर झालंय, त्यामुळे आरटीओत परत टेस्ट द्यावी लागणार. तारीख मिळालीय. डोळे तपासून घेतले. माणूस मात्र अजून मिळालेला नाही. भावकीतल्या एकाच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, "काका, त्यापेक्षा डिलिव्हरीचं काम बरं, रात्री घरी तरी येतो." त्याला मी काय सांगणार? आमच्या निफाड भागात कुणाला लाईनवर यायचं असेल तर सांगा. गाडी चालवता आली नाही तरी चालेल. रात्री माझ्याशी बोलत राहायला हवं, आणि मी उत्तर द्यायचा थांबलो तर गाडी थांबवायला सांगायला हवं. कितीही वस्ताद असलो तरी.