चपला दाराबाहेर काढता का?

अंगणातल्या मातीचे नमुने घ्यायला आज सकाळी आलेल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात शिरताना तुम्ही चपला बाहेर काढता का?"

मला हसू आले. आईने हे लहानपणापासून अंगवळणी पाडले होते. फक्त तिचे कारण देवघर होते आणि या बाईंचे मातीतले विषारी आर्सेनिक.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या टॅकोमा शहराला लागून असलेल्या रस्टनमध्ये शिसे आणि नंतर तांबे वितळवण्याचा कारखाना जवळजवळ शंभर वर्षे चालला. तो १९८०च्या दशकात बंद पडला आणि १९९३ मध्ये त्याचे साडेपाचशे फुटांहून उंच धुराडे सुरुंग लावून पाडण्यात आले. धूर लांब जावा म्हणून ते इतके उंच बांधले होते, आणि धूर खरोखरच लांब गेला: १,००० चौरस मैलांहून अधिक जमिनीवर आर्सेनिक आणि शिसे बसले.

आर्सेनिक मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, विरत नाही. म्हणून 'सफाई' म्हणजे वरची माती खणून दुसरीकडे पुरायची आणि तिच्या जागी स्वच्छ माती भरायची, किंवा आहे तिथेच झाकून टाकायची. कारखान्याच्या जागेवर आता महागडी घरे आणि उपाहारगृहे आहेत. (आम्हीही तिथे हौसेने आइस्क्रीम खायला जातो.)

मेथी आता विकतच्या मातीच्या वाफ्यात लावेन. पण बाईंनी नमुन्यासाठी सर्वांत आधी निवडला तो कोपरा, जिथे माझा मुलगा रोज खेळण्यातला ट्रक घेऊन खड्डे खणतो. संध्याकाळी तो बाहेर पळायला लागला, तेव्हा त्याला काय सांगायला हवे होते?